हाकेच्या अंतरावर

माझे एक काका मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. कचेरीतले दप्तर बांधून झाले की उरलेला दिवस ते ज्ञानेश्वरीच्या पोथीपाशी घालवीत, आणि या दोन्ही कामांत त्यांचा शिरस्ता सारखाच काटेकोर असे. मी विशीत असताना भाद्रपदातल्या एका शनिवारी पहाटे, पाठीवर शिध्याची पिशवी आणि खांद्यावर दोराचे वेटोळे अशा थाटात हरिश्चंद्रगडाकडे निघालो असता, त्यांनी मला ओसरीवर थांबवून विचारले, "किती जण जाता रे?" "बारा जण, काका." "आणि कशासाठी जाता?" शहरातल्या गलबल्यापासून दूर चार घटका शांतता लाभावी, डोंगरावरचा एकांत अनुभवावा, असे काहीसे उत्तर मी दिले. ते अंमळ थांबले आणि स्वरात उपरोधाचा लवलेशही येऊ न देता म्हणाले, "बारा जण मिळून एकांत कसा शोधतात, ते परत आलास की मला सांग."

परत आलो तेव्हा मला सांगता आले नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारले नाही. परंतु तो प्रश्न माझ्या शिध्याबरोबर, घोंगडीबरोबर, गेली चाळीस वर्षे सह्याद्रीच्या प्रत्येक वाटेवर माझ्या पाठीवर राहिला आहे.

काकांच्या प्रश्नामागे फार मोठी परंपरा उभी होती. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना एकांतस्थानाची आवड आणि जनसमूहाविषयीची अप्रीती ही दोन्ही एकापाठोपाठ सांगितली आहेत, हे त्यांना मुखोद्गत होते. आत्मा असंग आहे असे उपनिषदे सांगतात, आणि सुत्तनिपातातले खग्गविसाण सुत्त भिक्षूला गेंड्याप्रमाणे एकट्याने विचरण्याचा उपदेश करते. तपश्चर्येसाठी माणूस डोंगराकडे वळतो तो तेथे माणसे नसतात म्हणूनच, असा एकंदर समज आहे. तसे असेल तर पातेली, पळ्या, कंदील आणि कांद्याबटाट्याची पिशवी बरोबर घेऊन, खिंडीखिंडीत थांबून, गाणी म्हणत गड चढणाऱ्या आमच्यासारख्यांचा त्या असंगाशी संबंध काय? आमचे जाणे ही एक हौस आहे, तिला अध्यात्माचे नाव देण्याचा आम्हांला अधिकार नाही, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? हा प्रश्न मला केवळ शब्दांचा कधीच वाटला नाही, कारण डोंगरावर जे काही मला लाभले ते मिथ्या होते असे मानावयास माझे मन तयार होत नव्हते आणि काकांची शंका अवास्तव होती असे म्हणण्यासही धजत नव्हते.

त्या पहिल्या सफरीतच उत्तराचा अर्धा भाग माझ्या पदरात पडला होता. तो उत्तर आहे हे मात्र मला फार उशिरा कळले. माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाट्याला उतरून, चालत आम्ही खिरेश्वरला पोहोचलो. तेथून तोलार खिंडीची चढण, खिंडीतल्या त्या झिजलेल्या व्याघ्रशिल्पाजवळची विश्रांती, पुढे ओल्या कातळाचा टप्पा, आणि मग एक संपली की दुसरी अशा टेकड्यांची ती माळ, जी नवख्या माणसाला दर वेळी आता मंदिर दिसणार असा भरवसा देते आणि दर वेळी मोडते. चार वाजण्याच्या सुमारास हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी आलो. पिशव्या गुहेत टाकून कोणी चुलीसाठी दगड मांडू लागले, कोणी टाक्याचे पाणी आणावयास गेले, आणि मी, काकांचा प्रश्न सकाळपासून मनात सलत असल्यामुळे, कोणालाच न सांगता एकटाच कोकणकड्याकडे निघालो. आता खरा एकांत काय तो अनुभवू, असा माझा हट्ट होता.

कोकणकडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना वर्णनाने तो कळणार नाही. एवढेच सांगतो की पठार चालता चालता अकस्मात संपते आणि पायाखालचा अर्धवर्तुळाकार कडा असा आत वळलेला आहे की काठावर पालथे पडून पाहिले तरी त्याचे पाऊल दिसत नाही. मी काठापासून बेताच्या अंतरावर बसलो. खाली कोकण होते, बेलपाड्याकडची हिरवी खाचरे होती. आणि मग थोड्याच वेळात काही नव्हते. धुके कड्याखालून वर आले, मला ओलांडून पठारावर पसरले, आणि हात पुढे केला तर बोटे अस्पष्ट दिसावीत अशी अवस्था झाली. उठलो. दोन पावले टाकली आणि थांबलो, कारण आपले तोंड देवळाकडे आहे की दरीकडे हे मला खात्रीने सांगता येईना. तसाच खाली बसलो. जो एकांत मी मागितला होता तो मला पूर्णपणे मिळाला होता, आणि त्यात चिंतन नव्हते, शांती नव्हती, ईश्वर तर नव्हताच. होते फक्त माझे शरीर, त्याची थंडी आणि त्याचे भय. त्या अर्ध्यापाऊण तासात मी स्वतःशिवाय दुसऱ्या कशाचाही विचार करू शकलो नाही. ज्या 'मी'पासून सुटण्यासाठी साधक अरण्यात जातो तो 'मी' इतका अवाढव्य होऊन माझ्यासमोर कधीच बसला नव्हता.

मग हाक ऐकू आली. लांबून, धुक्यात भिजून जड झालेली, पण हाक. मी ओ दिली. पलीकडून उत्तर आले, "हलू नकोस, येतो!" नंतर समजले ते असे की माझी पिशवी गुहेत आणि मी नाही हे ध्यानात येताच आमच्यातल्या जाणत्या गड्याने देवळापासून कड्याच्या दिशेने माणसांची साखळी लावली होती. प्रत्येकाने पुढच्याच्या हाकेच्या अंतरावर उभे राहावयाचे, आपली जागा सोडावयाची नाही, आणि पुढून आलेली हाक मागे पोचवावयाची, अशी ती तजवीज होती. साखळीतला शेवटचा गडी कंदील घेऊन माझ्यापर्यंत येईतो दहाएक मिनिटे गेली असतील. ती दहा मिनिटे मला या आयुष्यात विसरता येणार नाहीत. धुके तेच होते, कडा तोच होता, मी तितकाच एकटा होतो. पण भय गेले होते, आणि ते गेल्याबरोबर मी स्वतःच्या ध्यानातून नाहीसा झालो. वारा ऐकू येऊ लागला. कारवीच्या पानांवरून ठिबकणारे पाणी ऐकू येऊ लागले. काहीतरी फार मोठे, मला न दिसणारे, माझ्यापुढे शांतपणे पसरलेले आहे याची जाणीव झाली, आणि त्या जाणिवेत भीती यत्किंचितही नव्हती.

एकटेपणा आणि एकांत या दोन शब्दांत आपली भाषा भेद करते, पण आपण वापरताना तो विसरतो. दोन्ही अवस्थांत माणसाजवळ दुसरे कोणी नसते, हे खरे. परंतु एकटेपणात हाक मारली तर ओ येणार नसते, आणि एकांतात ती येणार असते म्हणून मारण्याची गरजच भासत नाही. आपल्याकडे घर किती जवळ आहे हे सांगताना आपण कोसांचा हिशेब करीत नाही, 'हाकेच्या अंतरावर' असे म्हणतो. अंतराचे हे माप पायांचे नाही, कंठाचे आणि कानाचे आहे. माझे म्हणणे असे की एकांताची हद्दही याच मापाने ठरते. त्या हद्दीच्या आत राहून माणूस स्वतःला विसरू शकतो. तिच्या बाहेर गेला की बहुधा स्वतःला राखण्यातच त्याची सारी शक्ती खर्ची पडते.

बहुधा असे म्हणतो, कारण सिद्धपुरुषांची गोष्ट निराळी, असे काका खचित म्हणाले असते. म्हणून सिद्धपुरुषांकडे जरा निरखून पाहू. हरिश्चंद्रगडावरून उतरून जुन्नरकडे आले की डोंगराडोंगरांत कोरलेली दोनशेहून अधिक लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी भ्रमण थांबवून एका ठिकाणी वर्षावास करावा, या नियमाशी अशा विहारांचे नाते आहे. लेण्याद्रीवर आज जेथे गिरिजात्मज गणपती आहे ते सातवे लेणे मुळात विहारच होते. एक विस्तीर्ण मंडप, मध्ये खांब नाही, आणि त्याच्या तीन बाजूंना वीस खोल्या. प्रत्येक खोली एका माणसापुरती, आणि प्रत्येकीचे दार मात्र त्या एकाच मंडपात उघडते. गेंड्यासारखे एकटे फिरा असे ज्यांचे ग्रंथ सांगत होते त्यांनी कातळ फोडताना एकांताच्या वीस खोल्या एका छताखाली आणल्या, याचा अर्थ त्यांना शास्त्र समजले नव्हते असा करावयाचा काय? त्या खग्गविसाण सुत्तातच, शहाणा सोबती मिळाला तर त्याच्याबरोबर आनंदाने चालावे, न मिळाला तर एकट्याने, अशी पुस्ती जोडलेली आहे. आणि सन्मित्र म्हणजे धर्मजीवनाचा अर्धा भाग असे भिक्षू आनंद म्हणाला तेव्हा बुद्धांनी त्याला अडवून, अर्धा नव्हे, अवघे धर्मजीवनच, असे सांगितल्याचे पाली ग्रंथांत नमूद आहे.

काकांच्या ज्ञानेश्वरीचेही तसेच. एकांताची थोरवी सांगणारा तो तेरावा अध्याय ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवाशास सांगितला तो श्रोत्यांपुढे, निवृत्तिनाथ जवळ बसलेले असताना, आणि परंपरेप्रमाणे सच्चिदानंदबाबा तो लिहून घेत असताना.

पण मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते ती तुकोबांची गोष्ट. प्रपंचाचा आघात सोसून तुकोबा भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा त्यांना हुडकीत तेथवर गेला, आणि पुढे भंडाऱ्यावर ते नामचिंतनात असताना जिजाई भाकरी घेऊन, त्यांना शोधीत, उन्हातून डोंगर चढत असे, हे महाराष्ट्रात लहान मूलही जाणते. तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढावयास पांडुरंग आला, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. मात्र आमच्या कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या तिला कजाग ठरविले, तिच्या तोंडच्या शिव्या रंगवून सांगितल्या, आणि तिच्या हातातल्या भाकरीकडे पुरते लक्ष दिले नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते. भंडाऱ्याचा तो एकांत कोणाच्या पायांवर उभा होता? देहूच्या घरात जो जमाखर्च जुळत नव्हता तो जुळविण्याचा प्रयत्न करीत, मुलांना सांभाळीत, दिवसातून एकदा जी डोंगर चढून येई, तिच्या. तुकोबांनी तो एकांत स्वतःच्या वैराग्याने मिळविला, हे अर्धेच सत्य आहे; तो त्यांना कोणीतरी दिला होता, हे दुसरे अर्धे. पांडुरंगाला हे ठाऊक असावे, कारण काटा काढावयास तो डोंगरावर ध्यानस्थ बसलेल्याकडे गेला नाही, चढणाऱ्याकडे गेला.

हरिश्चंद्रगडाला तर या प्रश्नाचा स्वतःचाच साक्षीदार आहे. परंपरा सांगते की योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले, आणि वयाने लहान पण ज्ञानाने थोर अशा मुलाला मायना काय लिहावा हे न सुचून कोरा कागदच धाडला. तो पाहून चिमुरडी मुक्ताई म्हणाली की इतकी वर्षे तप करूनही हा कोराच राहिला. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या त्यांत पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतील भेद मावळतो. अद्वैत सांगण्यासाठीही पत्र धाडावे लागले, आणि पत्र म्हटले की दुसरा आलाच. पुढे मुक्ताईला गुरू मानलेले चांगदेव या गडावर राहिले, येथील शिलालेखांत त्यांचे नाव आढळते, आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ त्यांनी शके १२३४ मध्ये, म्हणजे इ. स. १३१२ साली, येथेच रचला असे मानतात. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या हिमगार पाण्यात उतरून, चारांपैकी एकच शाबूत राहिलेल्या त्या खांबाजवळून लिंगाला प्रदक्षिणा घालताना, पाय निसटू नये म्हणून आम्ही एकमेकांचे हात धरतो, तेव्हा मला नेहमी चांगदेव आठवतात. चौदाशे वर्षांच्या एकट्या तपाने जे लिहिता आले नाही ते चार भावंडांची गाठ पडल्यावर लिहिता आले, आणि त्यानंतर पुन्हा या गडाचा एकांत त्यांना मानवला.

या गडाने आणखी एक गोष्ट मला दाखविली, आणि ती एकदाच. पावसाळा सरत आलेला होता. सकाळी आम्ही पाच जण कोकणकड्यावर उभे होतो; सूर्य पाठीशी नुकताच वर आलेला, समोर दरी ढगांनी काठोकाठ भरलेली. त्या ढगांच्या पृष्ठावर आमच्या सावल्या पडल्या आणि माझ्या सावलीच्या मस्तकाभोवती सप्तरंगांचे पूर्ण वर्तुळ उमटले. यालाच इंद्रवज्र म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स यांनी याच गडावरून ते पाहून त्याची नोंद केली होती. मी ओरडलो, "माझ्याभोवती कडे आहे!" शेजारचा म्हणाला, "तुझ्याभोवती कुठे? माझ्याभोवती आहे." तिसऱ्याचेही तेच. प्रत्येकाला पाचही सावल्या दिसत होत्या, पण तेजोवलय दिसत होते ते केवळ स्वतःच्या मस्तकाभोवती. त्याचे कारण सृष्टिशास्त्रात सरळ आहे. ढगातले जलबिंदू प्रकाश आला त्याच दिशेला परतवितात, म्हणून पाहणाऱ्याच्या डोळ्याला आपल्याच छायेभोवतीचा प्रकाश मिळतो, शेजाऱ्याच्या छायेभोवतीचा शेजाऱ्याला.

मी एकटा असतो तर त्या सकाळी कोणत्या समजुतीने घरी परतलो असतो, याचा विचार आजही मला सचिंत करतो. ढगांनी भरलेल्या दरीवर, सूर्योदयाच्या समयी, माझ्याच मस्तकाभोवती तेजोमंडल! दैवी प्रसादाचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? जगात कितीतरी माणसांनी एकट्याने पाहिलेल्या अशा एखाद्या वलयावर आपली महंती उभारली असेल. माझ्या शेजारी चार जण उभे होते, आणि प्रत्येक जण तितक्याच खात्रीने सांगत होता की वलय त्याच्याभोवती आहे. त्याचे वलय मला कधीच दिसणार नव्हते. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवूनच मला ते मान्य करावयाचे होते. आणि तो विश्वास ठेवल्यावर माझ्या वलयाचे तेज कमी झाले नाही, फक्त ते माझे आहे ही कल्पना गळून पडली. अहंकाराच्या क्षयाविषयी मी पुष्कळ वाचले होते. तो घडताना मात्र मी तेवढाच एकदा पाहिला, आणि त्याला पाच माणसे लागली.

येथे कोणी म्हणेल की तुम्ही सोबतीचे गुण गाता, पण आज सुट्टीच्या दिवशी गडांवर जे लोटतात ते काय? त्यांच्या वाद्यांचा कोलाहल, कड्यावर फोडलेल्या बाटल्या, टाक्याच्या पाण्यात धुतलेली भांडी, देवळाच्या भिंतीवर कोरलेली नावे! ही तक्रार मला सर्वस्वी कबूल आहे, आणि त्या टाक्याकाठी उभे राहून मी अनेकदा संतापाने थरथरलो आहे. परंतु गर्दी ही सोबत नव्हे. संख्येने त्यांत भेद होत नाही. बारांची सोबत होऊ शकते आणि तिघांची गर्दी. ज्या मेळ्यात एखाद्याची हाक दुसऱ्याला ऐकू येणार नाही इतका आवाज आहे ती गर्दी, आणि तिच्यात माणूस कड्यावरच्या धुक्यात होतो त्याहून अधिक एकटा होतो. गीतेने जी अप्रीती सांगितली ती या जनसमूहाविषयी असावी असे मला वाटते. जुन्या काळी गडाचा बंदोबस्त करताना हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे एका प्रतीचे अधिकारी नेमून तिघांनी मिळून कारभार करावा असे ठरविले होते, असे सभासदाची बखर सांगते. त्यामागचा हेतू राजकीय होता, हे उघड आहे. तथापि गड एकट्याच्या हवाली करू नये, हे शहाणपण मला त्याहून खोल वाटते.

आणि महाप्रस्थानाचे काय? पांडव हिमालय चढू लागले, द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम; युधिष्ठिराने एकदाही मागे वळून पाहिले नाही. हे न पाहणे वैराग्याचे परमोच्च शिखर आहे असे भाष्यकार सांगोत, मला ते कधीही पटलेले नाही. आमच्या डोंगरवाटांवर एक अलिखित नियम आहे की तांड्याची चाल सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावयाची, आणि सर्वांत बळकट गडी सर्वांच्या मागे राहावयाचा. पुढच्याने वळून पाहिले नाही तर तो पुढे गेला असे आम्ही म्हणत नाही, चुकला असे म्हणतो. व्यासांनाही ते सर्वस्वी पटले नसावे, अशी माझी समजूत आहे. तसे नसते तर त्यांनी ते कुत्रे शेवटपर्यंत का आणले असते? गावातले कुत्रे डोंगरवाटेवर माणसांच्या मागे लागते, न बोलावता, न खाता, आणि माथ्यापर्यंत येते. खिरेश्वरहून निघालेल्या किती तांड्यांनी हे पाहिले असेल! इंद्राचा रथ दारी उभा असताना युधिष्ठिर म्हणाला की याला टाकून मी येणार नाही. भावांसाठी जो वळला नाही तो कुत्र्यासाठी थांबला, आणि त्या थांबण्यातच त्याची परीक्षा होती. ते कुत्रे म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, असे व्यासांनी नंतर सांगितले.

काका जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. गेल्या मार्गशीर्षात पुन्हा हरिश्चंद्रगडी गेलो, तेव्हा चाल ठरविणारा मीच होतो. बरोबरची मुले माझ्या मुलाहून लहान. त्यांनी हे माझ्या ध्यानात येऊ नये अशी फार काळजी घेतली. कोणी फुलपाखरू पाहावयास थांबे, कोणी बुटाचे बंद सोडून बांधी. तोलार खिंडीत बाकीचे पुढे गेले आणि मी त्या व्याघ्रशिल्पाजवळच्या दगडावर टेकलो. खिंडीतून वारा वाहत होता. मागे राहण्याची पाळी ज्या मुलावर होती तो खालच्या वळणाशी थांबला होता; तो मला दिसत नव्हता, आणि त्याने आवाजही केला नाही. किती वेळ बसलो ते मी घड्याळात पाहिले नाही. कातळावरचे ऊन हळूहळू माझ्या पावलांपर्यंत आले, मग गुडघ्यापर्यंत. कधीतरी मी उठलो, पिशवी पाठीला लावली आणि काठी दगडावर टेकविली. तिचा आवाज झाला, आणि वळणाखाली त्याच्याही बुटांखालचे खडे सरकू लागले.